तीन लाख आहेत म्हणून तीन लाखांची गाडी घेऊ नका

पत्र : मी विट्याजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. घरी मी, मिस्टर, आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे गेलेत, महिन्यातून एकदा-दोनदा त्यांना मिरजेला दवाखान्यात न्यावं लागतं. एसटीने आता जमत नाही आणि दर वेळी भाड्याची गाडी करणं परवडत नाही. शाळेला मी स्कूटीवर जाते, एका बाजूचं अंतर १४ किलोमीटर. पावसाळ्यात तेवढी चारचाकी वापरीन म्हणते. लायसन्स माझं आहे, मिस्टर अजून शिकतायत. साठवलेले तीन लाख आहेत, कर्ज काढायचं नाही. दीर म्हणतात, दिल्लीहून येणारी डिझेल सेदान घ्या, दोन लाख ऐंशी हजारांत मिळतेय, दिसायला नवीकोरी. विट्यातल्या एका डीलरकडे २०१४ ची वॅगन-आर आहे, ४८ हजार किलोमीटर चाललेली, तो दोन पंच्याहत्तर म्हणतो. शाळेतल्या बाई म्हणतात, तीन लाखांत जुनी गाडी म्हणजे दुखणं विकत घेणं. कोणाचं ऐकू? आणि फसवणूक कशी ओळखायची?
– एक वाचक, खानापूर तालुका

ताई,

तुमच्या शाळेतल्या बाईंचं अर्धं बरोबर आहे. तीन लाखांत दुखणंही मिळतं आणि पुढची सहा-सात वर्षं मुकाट चालणारी गाडीही मिळते. पंचाईत अशी की दोन्ही एकाच रांगेत, एकाच किमतीला, सारख्याच चकचकीत उभ्या असतात. त्या ओळखायच्या कशा ते सांगतो, पण त्याआधी पैशांचं बोलू.

तुमच्याकडे तीन लाख आहेत हे यापुढे कुणालाही सांगू नका. डीलरला तर नाहीच, दिरांनाही नाही. गाडीची किंमत म्हणून जास्तीत जास्त अडीच लाख धरा. उरलेले पन्नास हजारही गाडीचेच आहेत, फक्त ते विकणाऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत. जुनी गाडी घरी आली की पहिल्या दोन-तीन महिन्यांत आपलं म्हणणं मांडते. टायर झिजलेले असले तर चार टायरना पंधरा-सोळा हजार, बॅटरीला चार-पाच हजार, ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल असं सगळं एकदाच बदललं तर पाच-सहा हजार. विमा आणि नावावर करण्याचा खर्च वेगळा. क्लच प्लेट निघाली तर आणखी सात ते दहा हजार. हे सगळं लागेलच असं नाही, पण यातलं काहीच लागलं नाही असंही सहसा होत नाही. ज्यांनी सगळी पुंजी किमतीत घातली तेच लोक मग गुळगुळीत टायरवर मिरजेला जातात आणि वर ‘जुनी गाडी घेतली ती चूकच’ असं म्हणत बसतात.

आता दिरांच्या डिझेलचं. तुमचा वापर मी मांडून बघितला. मिरजेच्या खेपा, पावसाळ्यातली शाळा, अधूनमधून लग्नकार्य धरून वर्षाला साधारण सहा हजार किलोमीटर होतील. पेट्रोलची छोटी गाडी लिटरला अठरा देते धरलं आणि पेट्रोल एकशे पाच रुपये धरलं तर वर्षाचा खर्च पस्तीस हजार. डिझेल सेदान एकवीस देते आणि डिझेल नव्वदीच्या आसपास आहे म्हटलं तर सव्वीस हजार. म्हणजे वाचतात वर्षाला नऊ हजार. दहा वर्षांच्या डिझेल गाडीत इंजेक्टर किंवा टर्बो यांपैकी एकाचं जरी काम निघालं, तरी तीन-चार वर्षांची ही बचत एका बिलात जाते. रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्याला डिझेल फळतं. तुमच्यासारखी जी गाडी आठवडाभर पत्र्याखाली उभी राहणार, तिला साधं पेट्रोल इंजिनच बरं. त्याच कारणाने सीएनजीच्याही मागे लागू नका. सीएनजीची गाडी सापडलीच तर किट कंपनीचं आहे का, आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) त्याची नोंद आहे का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झालीय का, एवढं बघा.

दिल्लीची गाडी इतकी स्वस्त का मिळते, हे दिरांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि नंतर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणायला मनाई केली. पुढे न्यायालयात त्यात फेरफार होत राहिले, पण दहाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरची डिझेल गाडी तिकडे मातीमोल होते आणि ट्रेलरवर बसून इकडे येते. आपल्याकडे ती चालवायला बंदी नाही, हे खरं. पण दिल्लीच्या नंबरावर ती इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), इकडचा रोड टॅक्स नव्याने (तोही डिझेलला पेट्रोलपेक्षा चढ्या दराने), मग एमएच नंबर, असं सगळं तुमच्या पदरात येतं. दोन ऐंशीची गाडी रस्त्यावर येईपर्यंत तुमचे तीन लाख ओलांडून जाते. यापेक्षाही मला खटकतं ते वेगळंच : तिच्या मालकाला तुम्ही कधीच भेटणार नाही.

माझं सगळं म्हणणं याच एका मुद्द्यावर उभं आहे. हातात पैसे कमी असले की तुम्ही खरं तर आधीचा मालक निवडत असता. वेळेवर ऑइल बदललेली लाखभर किलोमीटरची वॅगन-आर ही मालक कोण ते कुणालाच माहीत नसलेल्या, आतून सडलेल्या चकाचक सेदानपेक्षा कधीही बरी. म्हणून डीलरच्या अंगणाआधी तुमची स्टाफरूम, मिस्टरांच्या कामावरचे लोक, बँकेतून किंवा खात्यातून निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला निघालेली माणसं, ओळखीचे डॉक्टर यांच्याकडे शब्द टाकून ठेवा. अशा गाड्या जाहिरातीत येतच नाहीत, त्या बोलता बोलता विकल्या जातात. महिना-दोन महिने लागतील. लागू द्या. कंपन्यांची स्वतःची जुन्या गाड्यांची दालनंही आहेत. तिथे कागद स्वच्छ असतात, पण त्याच गाडीला वीस-तीस हजार जास्त मोजावे लागतात आणि अडीच लाखांच्या आतलं तिथे फारसं काही नसतं. ऑनलाइन जाहिरातीत ‘लष्करात आहे, बदली झालीय, गाडी कॅम्पात आहे, आधी थोडे पैसे पाठवा’ असं कुणी म्हणालं तर पुढचं वाक्य ऐकायच्या आत फोन ठेवा. तो सापळा फार जुना आहे.

मॉडेलचंही थोडक्यात सांगतो. सासूबाईंचे गुडघे बघता बसायची जागा उंच हवी, वाकून आत शिरायला लागता कामा नये. त्यामुळे वॅगन-आर तुमच्यासाठी चांगली निवड आहे, मग ती याच डीलरकडची असो वा नसो. २०१० ते २०१८ दरम्यानच्या वॅगन-आरमध्ये ९९८ सीसीचं के-सीरिज इंजिन आहे. त्याला टायमिंग चेन आहे, म्हणजे इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारी साखळी, वेळोवेळी बदलावा लागणारा पट्टा नाही, आणि खानापूर तालुक्यातला कुठलाही फिटर ते डोळे मिटून उघडतो. तेच इंजिन ऑल्टो के-टेन आणि सेलेरिओमध्येही आहे. सेलेरिओ मिळाली तर जरूर बघा, फक्त तिची ऑटोमॅटिक नको. जुन्या एएमटीचं (तिच्यातल्या आपोआप गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचं) काम निघालं तर तुमचे राखीव पन्नास हजार तिथेच संपायचे. ह्युंदाईची आय-टेनही मजबूत आहे, पण ती १.२ लिटरच्या ‘कप्पा’ नावाच्या इंजिनाची घ्या. १.१ च्या इंजिनाला आणि ऑल्टो ८०० ला टायमिंग बेल्ट असतो. तो कधी बदलला याची पावती नसेल तर तो बदलायचाच आहे असं धरून किंमत ठरवा. टोयोटाची इटिऑस लिव्हा दणकट आहे. मिळाली तर उत्तम, पण आपल्या भागात त्यातल्या बऱ्याच भाड्याने धावलेल्या असतात, त्यामुळे आरसीवरचा इतिहास नीट तपासा.

खूप स्वस्त दिसतील त्यांच्या स्वस्ताईचं कारण विचारा. शेवरोलेची बीट आपल्या तळेगावातच बनायची, पण जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री बंद केली. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. या गाड्या वाईट नव्हत्या. फिगो तर चालवायला माझी आवडती. पण सुट्या भागांसाठी पुण्या-कोल्हापूरला फोन लावत बसायचा उद्योग तुम्हाला झेपणार नाही. सोपी परीक्षा सांगतो. विट्यातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जा आणि मनात असलेल्या मॉडेलची क्लच प्लेट, वॉटर पंप आणि पुढचा दिवा यांचे भाव विचारा. दुकानदार भाव सांगण्याऐवजी ‘मागवून देतो’ म्हणाला की ते मॉडेल यादीतून खोडा.

सुरक्षिततेचं मात्र हातचं राखून बोलून चालणार नाही. २०१४ च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅप या गाड्यांची अपघात-चाचणी घेणाऱ्या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्या आपटून पाहिल्या : ऑल्टो ८००, नॅनो, फिगो, आय-टेन आणि पोलो. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. आपल्याकडे एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं एप्रिल २०१९ मध्ये आणि चालकाची एअरबॅग त्याच वर्षी जुलैमध्ये. तुमच्या पैशांत त्यानंतरची ऑल्टो येऊ शकेल, पण सासूबाईंना तिच्यात बसता-उठता येणार नाही. वॅगन-आरच्या वरच्या प्रकारांत एअरबॅग आणि एबीएस पर्याय म्हणून मिळायचं. तसा नग सापडला तर त्याच्यासाठी दहा-पंधरा हजार जास्त मोजा, म्युझिक सिस्टिम आणि अलॉय व्हीलसाठी एक रुपयाही नको. आणि मुलीला पुढच्या सीटवर बसवू नका, ती कितीही रुसली तरी.

वर्षाचंही एक गणित आहे. खासगी गाडीचं पासिंग पंधरा वर्षांचं असतं. त्यानंतर आरटीओकडून तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. २०२२ पासून गाडीचं हे शुल्कच पाच हजार रुपये झालंय, वर पर्यावरण कर. म्हणून २०१३-१४ च्या मागे जाऊ नका. आरसीवर वैधतेची तारीख छापलेली असते, ती स्वतः वाचा.

आता डीलरच्या वॅगन-आरकडे वळू. दहा-अकरा वर्षांत ४८ हजार म्हणजे वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास. अशक्य नाही, पण असं ऐकलं की माझी भुवई वर जाते. डिजिटल मीटर मागे घेणं आता अर्ध्या तासाचं काम आहे. त्यामुळे मीटरवर विश्वास न ठेवता साक्षीदार शोधा. गाडीचा नंबर घेऊन मारुतीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. गाडी तिथे जात असेल तर तारखेनुसार किलोमीटरची नोंद त्यांच्या संगणकात असते. मालक सोबत असला तर ते सहज दाखवतात, नसला तर थोडी विनवणी करावी लागते. २०२० मध्येच तिथे ७६ हजारांची नोंद निघाली तर डीलरला रागवायच्या भानगडीत पडू नका, फक्त परत जाऊ नका. नोंदच नसेल तर गाडीकडून काढून घ्या. ब्रेक आणि क्लचच्या पॅडलवरचं रबर गुळगुळीत झालंय का किंवा संशयास्पद नवं आहे का, स्टिअरिंगची वरची बाजू आणि गिअरची मूठ चकाकतेय का, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसलीय का, हे बघा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ३६२१ म्हणजे २०२१ सालच्या छत्तिसाव्या आठवड्यातला टायर. चौघांवर चार वेगवेगळी सालं असतील तर मालकाचा स्वभाव तिथेच कळतो. आणि खरे नव्वद हजार चाललेली, पावत्यांची फाइल असलेली गाडी समोर आली तर तिला बिचकू नका. हे इंजिन त्यापुढेही पुष्कळ चालतं.

दुसरा प्रश्न डीलरला सरळ विचारा : ‘२०१९ च्या ऑगस्टमध्ये ही गाडी कुठे होती?’ सांगली, पलूस, वाळवा, शिरोळ, कोल्हापूर या पट्ट्यातला तो महापूर तुम्ही पाहिलाय. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं, आणि त्याच पावसात तिकडे चिपळूण आणि महाडही बुडालं. पाण्यात गेलेल्या गाड्या कुठे ना कुठे विकल्या जाणारच, आणि पुराची गाडी खपवायला खानापूर-आटपाडीसारखा कोरडा तालुका सोयीचा, कारण तिथे कुणी पूर शोधत नाही. तुम्ही शोधा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. एरवी गुंडाळलेला असतो त्या भागावर चिखलाची रेघ किंवा डाग असेल तर तो धुऊन सहसा जात नाही. सीटखालच्या रुळांवर आणि बोल्टांवर गंज, कार्पेटखाली गाळाची पूड, पुढच्या दिव्यात आतून धुकं, काचा बंद करून पाच मिनिटं बसल्यावर येणारा कुबट वास, आणि तो लपवायला मारलेला सेंटचा भपकारा. यातली दोन लक्षणं एकत्र दिसली तर गाडी कितीही स्वस्त असो, सोडून द्या. पुराची गाडी इंजिनामुळे कमी आणि वायरिंगमुळे जास्त छळते. कधी बंद पडेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, आणि तुम्ही सासूबाईंना घेऊन मिरजेच्या रस्त्यावर असाल. कोकणातून आलेल्या गाडीत पुरापेक्षा खारी हवा जास्त नुकसान करते. तिला खालून बघितल्याशिवाय बोलणी सुरू करू नका.

बाकी तपासणीचं म्हणाल तर खरसुंडीच्या बाजारात खिलार घेणारा माणूस काय करतो ते आठवा. तो शिंगांचा रंग बघून भुलत नाही, चालवून बघतो, खूर उचलतो, दात बघतो. गाडी सकाळी बघायला जा आणि आधीच फोन करून सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर त्यांनी काहीतरी लपवायला आधीच चालू करून ठेवलीय असं समजा. थंड इंजिन चालू होताना जास्त कुरकुरता कामा नये. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, गोडसर वासाचा, गरम झाल्यावरही न थांबणारा धूर म्हणजे कूलंट आत जातंय. ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखं काही दिसलं तर तिथूनच नमस्कार करा. मग एसी लावून गाडी पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवा आणि तापमानाचा काटा बघत बसा. ही पंधरा मिनिटं फार कंटाळवाणी असतात. म्हणूनच कुणी करत नाही.

अपघात शोधायला बॉनेट आणि दारांच्या बिजागऱ्यांचे बोल्ट बघा. पान्याच्या खुणा असतील, रंग उडालेला असेल, तर तो भाग कधीतरी उतरवलेला आहे. नुसता फेंडर किंवा बंपर बदललेला असला तर बिघडत नाही, आपल्या रस्त्यांवर ते चालायचंच. पण दाराच्या चौकटीचं रबर ओढून आतले गोल वेल्डिंगचे ठिपके बघा, डिकीत स्टेपनीखालचा पत्रा बघा, रेडिएटरच्या दोन्ही बाजूंचे मूळ पत्रे बघा. तिथे हातोडीच्या खुणा, ओबडधोबड वेल्डिंग किंवा मेणासारखी पुटी दिसली तर सांगाडाच हललेला आहे. अशी गाडी सरळ चालत नाही आणि टायर खाते.

चालवायला मिळणार नाही तिथे व्यवहार नाही. आणि चालवायची तुम्ही. डीलर बहुधा मिस्टरांशी बोलेल, किल्ली त्यांच्या हातात देईल, तुम्हाला मागच्या सीटवर बसवून ‘वहिनी, एसी बघा कसा गारेगार’ म्हणेल. किल्ली मागून घ्या. एखादा चढ गाठा आणि दुसऱ्या गिअरमध्ये जोर द्या. इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडी मात्र पुढे सरकेना तर क्लच संपलाय. खड्ड्यांच्या रस्त्यावर काचा खाली करून ऐका. टकटक आवाज लिंक रॉड-बुशचा असतो, त्याला दोन-चार हजार लागतात, तेवढे किमतीतून कमी करून घ्या. सरळ रस्त्यावर हात सैल सोडला की गाडी एका बाजूला ओढतेय का, चढावर हँडब्रेक धरतो का, गिअर सगळे पडतात का, रिव्हर्ससकट, तेही बघा.

हे सगळं करूनही शेवटचा शब्द फिटरचा. तो डीलरने सुचवलेला नको, ज्याच्याकडे तुमच्या ओळखीतल्या दोघा-तिघांच्या गाड्या जातात असा हवा. हजार-पंधराशे रुपये आधी हातावर ठेवा आणि सांगा की गाडी घेतली नाही तरी हे तुमचेच. म्हणजे त्याला नाही म्हणायला अडचण वाटत नाही. लिफ्टवर चढवून खालून बघायला सांगा, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोष वाचणारं यंत्र) लावायला सांगा, आणि पेट्रोलच्या रबरी नळ्याही बघायला सांगा. आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते या जुन्या गाड्या बनल्या तेव्हा गृहीत धरलेलं नव्हतं.

कागदांत लोक सर्वांत जास्त आळस करतात, आणि सर्वांत महाग तोच पडतो. टोकन देण्याआधीच गाडीचा नंबर परिवहनच्या ॲपवर टाका. मालकाचं नाव, कितवा मालक, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा तिथे कळतो. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘कर्ज फिटलंय, नुसता बोजा उतरवायचा राहिलाय’ हे वाक्य खरंही असतं, पण उतरवायचं काम विकणाऱ्याचं. थकलेले ई-चलान त्याच्याच पैशांनी भरून घ्या. एप्रिल २०१९ आधीची गाडी असल्याने नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलीय का तेही विचारा, तिच्यावाचून आरटीओतली कामं अडू शकतात. चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. मालक वारला असेल आणि मुलगा विकत असेल तर आधी गाडी मुलाच्या नावावर व्हायला हवी.

गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या समोर घ्या. नुसत्या सह्या घेऊन ते फॉर्म कपाटात ठेवायची आपल्याकडे फार वाईट सवय आहे, आणि डीलर लोकांना ती सोयीची असते, कारण गाडी त्यांच्या नावावर न येता परस्पर पुढे जाते. कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की अपघाताच्या भरपाईला नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक. त्यामुळे नाव बदलण्याची घाई विकणाऱ्यालाही असायला हवी, हे त्याला सांगून बघा, कामाला वेग येतो. विमाही १४ दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल मिळणारी हप्त्यातली सूट) त्याच्याबरोबर जातो, तुम्हाला तो मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागेल. हजार सीसीच्या आतल्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा २०२२ मध्ये ठरलेल्या दराने २,०९४ रुपये अधिक जीएसटी आहे. पण तुम्ही नव्याने चालवणार आहात, तेव्हा पहिली दोन वर्षं पूर्ण विमा घ्या.

पैसे बँकेतून द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे, हे सांगितलं की रोखीचा आग्रह मावळतो. टोकन पाच हजारांपेक्षा जास्त नको, आणि त्याच्या पावतीवर ‘फिटरने नापसंत केल्यास परत’ असं लिहून घ्या. पंधरा-वीस हजार आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत राखून ठेवता आले तर फारच छान. ताब्यात घेतानाच्या पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा. सकाळी त्याच्याकडून झालेला सिग्नल तुमच्या गळ्यात पडायला नको.

तर या आठवड्यात एवढंच करा. डीलरकडून नंबर मागून घ्या. द्यायला खळखळ केली तर तिथेच विषय संपला. दिला तर आधी सर्व्हिस सेंटर, मग फिटर. दोन्हीकडून हिरवा कंदील आला तर दोन तीसपासून बोलायला सुरुवात करा आणि दोन पन्नासला थांबा. तो ‘उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय’ म्हणेल, येऊ द्या. दिरांना सोबत न्या. डिझेलचा नाद सुटला नसला तरी कार्पेट उचलायला आणि डिकीत वाकायला माणूस लागतोच, आणि शोधायला मिळालं की माणसं उत्साहाने शोधतात.

आणि मिस्टरांना या गाडीवर शिकू देऊ नका. शिकणाऱ्याच्या पायाखाली क्लच प्लेट फार लवकर जाते, आणि ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी त्याचे पैसे फीमध्ये आधीच धरलेले असतात.